रुसायला जागा नाही

आमच्याकडे शिडाची यॉट आहे असं चुकून कुठे बोललं गेलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे लगेच पांढरी पँट, गॉगल आणि हातात उंच ग्लास उभा राहतो. सोसायटीत गणपतीची वर्गणी मागायला येणारे तर आमच्या मजल्यावर येण्याआधी जिन्यातच थांबून आकडा वाढवून घेतात. त्यांना एकदा बोटीवर नेऊन दाखवावं असं फार वाटतं पण सहा माणसं चढली तर उभं कुठे राहायचं हा प्रश्न आहे. 28 फुटांची, तीन भागीदारांत घेतलेली सेकंड हँड बोट. आत ताठ उभं राहिलं की नवऱ्याचं टाळकं छताला लागतं, झोपायला पुढच्या टोकाला एक त्रिकोणी खबदाड आहे ज्यात डोकी लांब असतात पण पाय मात्र एकमेकांत, स्वयंपाकाला दोन बर्नर, आणि टॉयलेटला हाताने मारायचा पंप, तोही इतक्या आवाजाचा की आपलं पोट साफ झालं की नाही ही बातमी शेजारच्या बोटीपर्यंत पोचते.

आणि ही बोट लावायची कुठे? मुंबईला एवढा समुद्र, पण यॉट आणून बांधावी, पायरीवरून सरळ चढावं असा धड मरिना नाही. गेटवेसमोर पाण्यात बोया, म्हणजे तळाशी नांगरलेले तरंगते पिंप, टाकलेले असतात, त्यांना बोट बांधायची आणि तिच्यापर्यंत छोट्या होडीने जायचं, मांडीवर पिठाचा डबा, पायांत गॅसची टाकी आणि बगलेत उशी घेऊन. आजूबाजूला फोटो काढणारे टुरिस्ट, त्यांना आम्ही बहुतेक घर खाली करून निघालेलं कुटुंब वाटत असू.

तर मे महिन्यात नवऱ्याने ठरवलं की जूनला बोट पाण्याबाहेर काढायच्या आत मुरुडपर्यंत एक चक्कर मारायची. मुरुड समुद्रमार्गे चाळीसेक सागरी मैल. एसटीने चार-पाच तासांत माणूस मुरुडला पोचून मासे खाऊन झोपतो सुद्धा. आमची बोट तासाला पाच मैल जाते, वाऱ्याच्या मनात असेल तर.

वाऱ्याचं मन हा मोठा विषय आहे. उन्हाळ्यात आपल्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून मतलई सुटते, ती नऊ-दहापर्यंत दम तोडते, मग मधे एक मेलेला वेळ असतो ज्यात समुद्र तेल ओतल्यासारखा पडून राहतो, आणि दुपारनंतर वायव्येचा खारा वारा येतो तो संध्याकाळपर्यंत. म्हणजे दक्षिणेला जाताना वारा पाठीशी. "जाताना काही करावंच लागत नाही," असं नवरा म्हणाला. येताना काय, हे मी विचारलं नाही असं नाही, विचारलं, त्याने विषय बदलला.

निघायच्या आदल्या दिवशी तो फोनवर दोन-दोन ॲप उघडून भरतीची वेळ बघत होता. सासूबाई डाळ निवडत होत्या, त्यांनी मान वर न करता विचारलं, "उद्या तिथी काय?" मी म्हटलं षष्ठी. "मग साडेचार." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, सहाची पाऊणपट साडेचार, हा त्यांच्या माहेरचा कोकणातला हिशोब. ॲपने दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे करत तेच सांगितलं. नवऱ्याला तेव्हापासून थोडा राग आला असावा असा माझा अंदाज आहे, कारण दुसऱ्या दिवशी भांडण काढलं ते त्याने.

पहाटे पाचला निघालो. ओहोटी लागली होती, ती बंदरातून बाहेर ढकलत होती, मतलई होती, कुलाब्याचे दिवे मागे गेले, आणि खरं सांगायचं तर तो तास-दीड तास इतका सुंदर होता की मला जरा संशयच आला. कंटेनरवाली जहाजं चॅनेलमधून येत होती. नवऱ्याची एक ठाम श्रद्धा आहे की शिडाच्या होडीला इंजिनवाल्यांनी वाट द्यायची असते, तसा नियम आहेच, पण त्याच नियमावलीत असंही लिहिलंय की अरुंद चॅनेलमधून जाणाऱ्या मोठ्या जहाजाच्या वाटेत शिडाच्या होडीने यायचं नाही. हा दुसरा नियम मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला. तीन फुटबॉल मैदानं एकापुढे एक ठेवावीत एवढं ते धूड अंगावर येत असताना माणूस पटकन ऐकतो.

भांडण झालं ते नाश्त्यानंतर, खांदेरी बेटाच्या अलीकडे. वारा गेला होता, इंजिन लावलं होतं, मी पोहे केले (कांदा चिरताना बोट डुलते तेव्हा सुरी कुठे जाते हे बघायला आवडणाऱ्यांनी एकदा यावं) आणि मग पोह्याच्या दोन बश्या, कढई आणि दोन कप टाकीतल्या गोड्या पाण्याने विसळले. टाकी 100 लिटरची. बोटीवर भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि शेवटी गोड्या पाण्याचा नुसता हात फिरवायचा असा कायदा आहे. नवरा म्हणाला, "अगं, एका कपाला अर्धा लिटर?" मी म्हटलं अर्धा लिटर कशावरून. तो म्हणाला मी पंपाचे आवाज मोजले. वीस-बावीस वर्षांच्या संसारात माझ्या नळाचे आवाज मोजणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. पुढे जे झालं ते कपापासून निघून माझ्या भावाच्या लग्नातल्या व्यवस्थेपर्यंत गेलं, ते काही सांगत नाही.

मग मी रुसले.

आता घरी रुसायची एक पद्धत आहे. बेडरूममध्ये जायचं, दार जरासं जोरात लावायचं, कपाट उघडून साड्या उगाच परत घड्या करायच्या, नाहीतर सरळ चप्पल घालून खाली वाण्याकडे जायचं. समोरच्याला कळलं पाहिजे की आपण तिथे नाही. बोटीवर ही सोयच नाही. मी आत गेले, आत भट्टी, त्यात इंजिनाचा वास, पाच मिनिटांत पोहे वर यायला लागले. टॉयलेटमध्ये जाऊन बसावं तर तिथे बसायला फक्त तीच जागा, आणि बाहेर येताना पंप न मारता आलं तर शंका, मारला तर मोजणारा बसलाय. शेवटी पुढे टोकाला जाऊन पाठ फिरवून बसले. ओढणी डोक्यावर, नजर क्षितिजावर, एकदम बाणेदार. दोन मिनिटं गेली असतील. मागून आवाज आला, "अगं, जरा उजवीकडे सरकून बस ना, बोट डावीकडे कलतेय."

म्हणजे माझा रुसवा पण वजन म्हणून वापरायला घेतला. सरकले. काय करणार, बोट माझीही आहे, एक तृतीयांशाच्या निम्मी.

तिथे बसल्यावर मला पुढे पाण्यावर थर्मोकोलचा एक तुकडा दिसला, मग त्याच्या पलीकडे पांढरा प्लास्टिकचा कॅन, मग काळं फडकं लावलेली काठी. म्हणजे जाळं. कोणालाही कळलं असतं. पण मी बोलत नव्हते. बोलत नसलेल्या माणसाने "अरे जाळं आहे" म्हणायचं म्हणजे रुसव्याला काही अर्थच उरत नाही. नवरा मागून बघेल असं मला वाटलं, त्याला मी पुढे बसल्यामुळे पुढचं दिसत नव्हतं. इंजिनाने एक आवंढा गिळल्यासारखा आवाज केला आणि गप्प झालं. बोटीखालच्या पंख्यात दोर.

नंतरचा अर्धा तास नवरा दातांत सुरी धरून पाण्यात बुड्या मारत होता आणि मी त्याच्या कमरेचा दोर धरून उभी होते, हातातल्या दोराचं काय काय करता येईल हे विचार मनात येत होते, पण धरून ठेवला. जाळं कापायचं नाही, कोणाचं तरी पोट आहे ते, म्हणून एकेक वेढा सोडवत होता. तेवढ्यात थळच्या बाजूने एक मच्छीमार बोट आली. तांडेलकाकांनी आमच्याकडे बघितलं, वर डोलकाठीकडे बघितलं, परत नवऱ्याकडे बघितलं.

"शीड हाय ना तुमाला?"

"आहे ना."

"मग पंखा कशाला फिरवताव?"

ह्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. त्यांच्यातल्या एका पोराने उडी मारली आणि आमच्या माणसाला अर्धा तास न जमलेलं काम चहा होईपर्यंत करून टाकलं. नवरा पैसे देऊ लागला ते घेतले नाहीत, तेव्हा मी डब्यातल्या चकल्या दिल्या, आणि त्यांनी उलट आम्हाला बादलीभर बांगडे दिले, ज्यामुळे मला भर दुपारी, 34 डिग्रीत, कलणाऱ्या ओट्यावर मासे साफ करावे लागले. जाता जाता काका मला म्हणाले, "ताई, तुमी पुढं बसलेल्या ना? दिसला नाय व्हय?" मी समुद्राकडे बघत राहिले.

खांदेरी जवळून फार देखणी दिसते. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये तिथे किल्ला बांधायला घेतला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी गलबतं आणून वेढा घातला होता, आणि मराठ्यांच्या होड्या रात्री त्यांच्या नाकासमोरून सामान पोचवत होत्या. नवऱ्याने हे सगळं मला मोठ्याने सांगितलं, मी बोलत नसल्यामुळे त्याला फारच मोकळं रान मिळालं होतं. दुपारी वारा आला, शीड भरलं, अलिबागचा कुलाबा किल्ला डावीकडून गेला आणि साडेपाचला रेवदंड्याच्या खाडीत कोर्लईच्या किल्ल्याखाली शिरलो. खाडीच्या तोंडाशी वाळू साचते, पाणी उतरायच्या आत आत जावं लागतं. सासूबाईंचा फोन आला, "पोचलात का मुरुडला?" नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "रिक्षा नाही का मिळत?"

दुसऱ्या दिवशी मुरुडजवळच्या राजापुरीला पोचलो. समोर जंजिरा. शिवाजी महाराजांना घेता आला नाही, संभाजीराजांना आला नाही, सिद्दीचं संस्थान 1948 मध्ये विलीन होईपर्यंत टिकून राहिलं. आणि इथे आमची शिडांबद्दलची सगळी मिजास उतरली, कारण राजापुरीच्या धक्क्यावरून टुरिस्टांना किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या पण शिडाच्याच असतात. ठिगळं लावलेलं शीड, विंच नाही, इन्स्ट्रुमेंट नाही, पंचवीस माणसं दाटीवाटीने, त्यात आज्या, बाळं, कुरकुऱ्याची पाकिटं. नवरा आमचं पुढचं शीड दोन इंच घट्ट, दोन इंच सैल करत वारा नीट पकडतोय, आणि असल्या एका होडीचा नावाडी पायाने सुकाणू धरून, एका हाताने मोबाईलवर बोलत आमच्या शेजारून पुढे निघून गेला. होडीतली एक आजी आमच्याकडे बघून म्हणाली, "बिचारी दोघंच हायेत." नवरा दोन तास शिडाकडे बघत बसला.

येताना काय, ते आता सांगते. वारा वायव्येचा, जायचंही साधारण तिकडेच. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही, साधारण 45 अंश बाजूने जाते, मग वळते, मग दुसऱ्या बाजूने 45 अंश. म्हणजे नागमोडी जायचं, जवळजवळ दीडपट अंतर, तेही कलत्या बोटीत, अंगावर खारं पाणी घेत. आणि प्रत्येक वळणाला दोन माणसं लागतात. तो सुकाणूवर, मी पुढच्या शिडाच्या दोरावर. तो विचारणार "रेडी?" मी "रेडी" म्हणाल्याशिवाय वळता येत नाही. मी नाही म्हटलं तर आम्ही थेट ओमानला.

दोन दिवस आमचा संसार ह्या एका शब्दावर चालला. मी तो शब्द जितका तुसडेपणाने म्हणता येईल तितका म्हणून बघितला. पण सारखं सारखं "रेडी" म्हणताना तुसडेपणा टिकत नाही हो, दमायला होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तर मी "रेडी, पाणी पितोस का" असं म्हणून गेले आणि नंतर स्वतःचाच राग आला. खांदेरीचं दीपगृह सकाळी अकराला दिसायला लागलं, दुपारी दोनला होतं, चारला पण होतं, प्रत्येक वेळी वेगळ्या खांद्याकडून. जाताना त्याचं कौतुक केलं होतं ते मी मनातल्या मनात मागे घेतलं.

मुंबई बंदराच्या तोंडाशी आलो तेव्हा नवमी होती, म्हणजे भरती पावणेसातची, आणि वाजले होते साडेसात. ओहोटी लागलेली, वारा मेलेला. शीड नुसतं लोंबतंय, समोर ताजचा घुमट उजळलेला, आणि तो हळूहळू लांब जातोय. मांडव्याकडून परतणाऱ्या एका लाँचमधल्या लोकांनी आम्हाला हात केले, फोटो काढले, कोणीतरी "लाइफ आहे यार" म्हणालं ते पाण्यावरून स्पष्ट ऐकू आलं. नवऱ्याने इंजिन लावलं. ह्यावेळी पुढे टॉर्च घेऊन मी उभी राहिले आणि दिसेल ते सगळं ओरडून सांगितलं, एक तरंगता नारळ सुद्धा.

बोयाला बोट बांधली, होडीने गेटवेला उतरलो. चार दिवसांत पहिल्यांदा पायाखाली काहीतरी स्थिर होतं आणि ते मला हलल्यासारखं वाटत होतं. नवरा खुशीत होता, बॅगा उचलत म्हणाला, "अगं, पुढच्या वर्षी मालवण?"

टॅक्सी आली. तो मागे बसला, बाजूला जागा करून दिली. मी पुढचं दार उघडून ड्रायव्हरशेजारी बसले, दार जरासं जोरात लावलं, आणि दादरपर्यंत एक अक्षर बोलले नाही. भायखळ्याच्या सिग्नलला ड्रायव्हरने आरशात मागे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "मॅडम, भांडण झालंय काय?"

"मंगळवारीच झालंय," मी म्हटलं. "वेळ आत्ता मिळाला."