कवच म्हणताना चुकलं तर? – एका मेसेजला उत्तर

घट बसायच्या आदल्या रात्री आमच्या राजेंद्रनगरच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एक मेसेज आला. सकाळपर्यंत तो माहेरच्या आणि भिशीच्या ग्रुपवरही पोचला होता. मजकूर थोडक्यात असा: देवीकवचाच्या, म्हणजे देहाच्या एकेका भागाचं रक्षण देवीकडे मागणाऱ्या स्तोत्राच्या, ध्वनिलहरींनी घराभोवती संरक्षक वलय तयार होतं, हे विज्ञानाने सिद्ध झालंय, तेव्हा सोबतचा ऑडिओ दोन्ही वेळा मोठ्याने लावा. एक उच्चार जरी चुकला तरी उलटं फळ मिळतं, म्हणून स्वतः म्हणू नका. बायकांनी तर मुळीच नाही. २१ दिवसांत रोग जातो, औषध लागत नाही. ११ जणांना पाठवा.

मी स्वतः रोज कवच म्हणते, सासूबाईंनी शिकवलं तेव्हापासून. असे मेसेज मी एरवी न वाचता पुसते. पण या वेळी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पोथी कापडात गुंडाळून कपाटात ठेवून दिली. म्हणाल्या, "माझा ‘ष’ नीट येत नाही गं, उगाच घरावर काही यायला नको." म्हणून लिहायला बसले.

उच्चाराची भीती अगदीच हवेतून आलेली नाही. पाणिनीय शिक्षेत, म्हणजे उच्चारशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, म्हटलंय की स्वर किंवा वर्ण चुकलेला मंत्र वज्र होऊन यजमानावरच उलटतो. त्यामागची गोष्ट वृत्राची. त्वष्टा या देवांच्या शिल्पकाराला इंद्राला मारणारा मुलगा हवा होता. यज्ञात ‘इंद्रशत्रु’ म्हणताना आघात भलत्या अक्षरावर पडला, समास फिरला, आणि ‘इंद्राला मारणारा’च्या जागी ‘ज्याला इंद्र मारेल असा’ अर्थ झाला. त्या यज्ञातून जन्मलेला वृत्र इंद्राच्याच हातून मेला. पण ही गोष्ट वैदिक मंत्राची आहे, उदात्त-अनुदात्त या चढ्या-उतरत्या स्वरांची. कवच हे अनुष्टुभ छंदातलं स्तोत्र. रामरक्षेसारखं म्हणायचं. त्याला ते स्वरच नाहीत, मग चुकणार काय?

आणि वर्ण चुकला तर? त्याची सोय पोथीतच आहे. पाठ संपला की आपण ‘मन्त्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वरि’ म्हणून क्षमा मागतोच. कवचात तर त्याहून गोड ओळ आहे: ‘रक्षाहीनं तु यत्स्थानं वर्जितं कवचेन तु, तत्सर्वं रक्ष मे देवि’. जी जागा या कवचातून राहून गेली, तीही सांभाळ. राहून जाणार हे रचणाऱ्याने धरलेलंच आहे! काकूंना ही ओळ बोट ठेवून दाखवली. त्या बराच वेळ त्या ओळीकडेच बघत राहिल्या.

आता ध्वनिलहरी. ताकद लहरींमध्ये असती, तर मोठा आवाज सगळ्यात श्रेष्ठ ठरला असता. मनुस्मृतीचा दुसरा अध्याय बरोबर उलटं सांगतो: विधियज्ञापेक्षा, म्हणजे विधिपूर्वक केलेल्या यज्ञापेक्षा, जप दहापट, ओठांतल्या ओठांत पुटपुटलेला उपांशु जप शंभरपट, आणि मनातल्या मनात केलेला हजारपट. म्हणजे ज्यात लहर शून्य, त्याला मान सर्वांत जास्त. सासूबाई देवासच्या टेकडीवर मोठ्या माताजीला, म्हणजे तुळजाभवानीला निघाल्या की बसमध्ये ओठही न हलवता कवच म्हणायच्या. शेजारच्या बाईला वाटायचं, झोपल्यात. स्पीकर लावून स्वयंपाकघरात फोडणी देणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. त्या ऑडिओतला वेग तर विचारूच नका. गाऊन म्हणणारा आणि घाईने म्हणणारा, दोघांनाही तीच पाणिनीय शिक्षा अधम पाठक म्हणते. (पुस्तकात बघून वाचणाराही त्याच यादीत आहे, तेव्हा मी गप्प बसते.)

घाईने म्हटलं की कवचातलं कवच निघून जातं. हा साठेक श्लोकांचा देहावरून फिरणारा हात आहे. शेंडीला उद्योतिनी, कपाळाला मालाधरी, जिभेला सरस्वती, दातांना कौमारी, नखांना शूलेश्वरी, रोमरंध्रांना कौबेरी. आतड्यांना कालरात्री आणि पित्ताला मुकुटेश्वरी! सासूबाईंना ॲसिडिटीचा जन्माचा त्रास. ‘पित्तं च मुकुटेश्वरी’ आलं की त्या पोटावर हात ठेवून क्षणभर थांबायच्या आणि माझ्याकडे बघून हसायच्या. ते थांबणं ऑडिओत कुठून येणार?

बायकांनी म्हणू नये, हे अहिल्याबाईंच्या इंदुरात लिहायला धीर लागतो. सप्तशतीच्या, म्हणजे देवीमाहात्म्याच्या, पाठाला जोडून जे ऋग्वेदातलं देवीसूक्त म्हणतात, त्याची ऋषी वागाम्भृणी ही स्त्री आहे. नवार्णासारखा (देवीच्या नऊ अक्षरी मंत्रासारखा) बीजमंत्र गुरूकडून घ्यावा हा संकेत आहे आणि मी तो मानते. पण तो पुरुषांनाही तितकाच लागू.

राहिले २१ दिवस. सप्तशतीच्या तेराव्या अध्यायात सुरथ राजा आणि समाधी वैश्य नदीकाठी मातीची मूर्ती करून बसतात, तेव्हा देवी प्रसन्न व्हायला तीन वर्षं लागतात. कवचाच्या फलश्रुतीत सगळ्या व्याधी नष्ट होतील असं लिहिलंय, हे खरं. ते मी लपवत नाही. पण अशा वाक्यांना मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे शास्त्री, अर्थवाद म्हणतात. माणूस पाठाला बसावा म्हणून केलेली ती स्तुती. औषध बंद करा, असं त्यात कुठेही नाही.

११ जणांना पाठवायचं तर त्याहून नाही. कवचाची सुरुवातच अशी: मार्कंडेय ब्रह्मदेवाला म्हणतो, जे परम गुह्य आहे, जे कुणालाच सांगितलेलं नाही, ते मला सांग.

सासूबाईंची पोथी आता माझ्याकडे आहे. त्यात मुकुटेश्वरीच्या पानावर खूण म्हणून ठेवलेली रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी स्ट्रिप अजून तशीच आहे.