‘मधला माणूस हवाच कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. व्यवस्थापकाच्या कामावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: व्यवस्थापक म्हणजे वरचा निरोप खाली आणि खालचा अहवाल वर पोचवणारा माणूस, ज्यांना काम येतं त्यांना त्याची गरज नसते, आणि माणसं सांभाळण्यावर मी एवढा भर दिला, पण ज्याला कामातलं कळत नाही तो सांभाळणार तरी काय?

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो मला पटला. व्यवस्थापनाचे अभ्यासक रॉबर्ट कॅट्झ यांनी १९५५ साली व्यवस्थापकाची तीन कौशल्यं मांडली: तांत्रिक, माणसांशी वागण्याचं आणि संस्थेचा एकूण विचार करण्याचं. पद चढत जातं तसं तांत्रिक बाजूचं वजन कमी होतं, पण पहिल्या पायरीवर ती लागतेच. ‘हे दोन दिवसांत होणार नाही’ असं कुणी सांगितलं, तर त्यात खरं किती हे काम जाणणाऱ्यालाच कळतं. माझ्या लेखात हे राहून गेलं.

गरजच नाही, हे मात्र मान्य नाही. गूगलने २००२ मध्ये अभियांत्रिकी विभागातली व्यवस्थापकांची फळीच काढून पाहिली. तिथे हुशार माणसांची वाण नव्हती. तरी प्रयोग काही महिन्यांत गुंडाळावा लागला, कारण खर्चाच्या बिलांपासून आपसातल्या कुरबुरींपर्यंत सगळं घेऊन लोक थेट कंपनीचे सहसंस्थापक लॅरी पेज यांच्याकडे जाऊ लागले. मधला माणूस गेला, त्याचं काम तिथेच राहिलं. हे काम दिसत नाही, कारण ते तुकड्यातुकड्यांनी होतं. व्यवस्थापनाचेच दुसरे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच मुख्याधिकाऱ्यांचं काम प्रत्येकी आठवडाभर जवळून पाहिलं, तेव्हा निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत संपत होती. दिवसभर त्यांनी काय केलं, हे बाहेरच्याला कसं कळावं?

आता माझा अनुभव. काम चांगलं करतो म्हणून मला गटप्रमुख केलं. सहकाऱ्यांचं काम मी रात्री बसून पुन्हा करायचो, आणि त्यालाच जबाबदारी समजायचो. एक दिवस एकाने अर्धवट काम दिलं. विचारलं, तर शांतपणे म्हणाला, “तुम्ही बदलणारच आहात ना.” तो आळशी नव्हता. त्याला तसं मीच केलं होतं, आणि ते मला फार लागलं.

मग हात आवरला. चूक दिसली की स्वतः दुरुस्त न करता त्याच्याशेजारी बसायचं, ‘असं का केलंस?’ एवढंच विचारायचं आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत गप्प राहायचं. हे गप्प राहणं मला तांत्रिक कामापेक्षा कठीण गेलं. पहिले दोन महिने दर्जा घसरला. वरून मला कडक शब्दांत ऐकावं लागलं. तुम्ही म्हणता तसा मी निरोप्याच असतो, तर ते शब्द त्याच दिवशी त्या सहकाऱ्यापर्यंत पोचले असते. मी ते पोचू दिले नाहीत.