रुमाल टाकलेली जागा

परवा भाचीनं मोबाईलवर एक सिनेमा लावून दिला. "आत्या, पाय, लय भेव लागते." नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण त्या एका सिनेमाशी नाही. या जातीचे पाच-सहा तरी पाहून झालेत आणि सगळ्यांचा सांगाडा एकच. शहरात एकटी राहणारी तरुण मुलगी. कोणीतरी तिच्या मागावर आहे. ती पोलिसांना सांगते, ते एकमेकांकडे पाहून हसतात. मैत्रीण कंटाळते. डॉक्टर गोळ्या लिहून देतो. शेवटच्या वीस मिनिटांत कळतं की पोरगी खरं बोलत होती.

मधला तासभर दिग्दर्शक काय करतो बघा. ती गोळ्या खाते, रात्री झोपत नाही, आधी कधीतरी तिला मानसिक त्रास झालेला असतो, हे सगळं तो आपल्यासमोर मुद्दाम मांडून ठेवतो. आपणही मनात म्हणतो, हिलाच भास होत असतील. म्हणजे तिच्यावर विश्वास न ठेवणाऱ्यांत आपण तिकीट काढून जाऊन बसतो. शेवटी उलगडा झाला की "मला आधीच वाटलं होतं" म्हणत चहा ठेवायला उठतो. लाज कोणालाच वाटत नाही.

भाची म्हणाली, एवढं काय त्यात, पिक्चर आहे. बरोबर आहे तिचं. पण मला तो सिनेमा खोटा वाटला तो दुसऱ्याच कारणानं. त्यातल्या पोरीचा मागावरचा माणूस कोणालाच दिसत नाही. आमच्याकडे तो सगळ्यांना दिसतो.

वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या हद्दीवर आमचं गाव. नाव सांगणार नाही, तो माणूस अजून तिथेच राहतो. 2004 सालची गोष्ट. मी बीएच्या पहिल्या वर्षाला. कॉलेज तालुक्याला, 22 किलोमीटर. शाळेच्या पोरींसाठी आता सरकारच्या मानव विकास मिशनची निळी बस असते, तेव्हा सगळ्यांना मिळून एकच लाल डबा. संध्याकाळी स्टँडवर बस लागली की खिडकीतून रुमाल, पिशव्या, एखाद्याची चप्पलसुद्धा आत पडायची. ज्याचा रुमाल त्याची जागा, हा कायदा आमच्याकडे कोर्टापेक्षा कडक.

हा रोज माझ्यासाठी रुमाल टाकायचा. फिकट निळा, पांढऱ्या काठाचा, घडी घातलेला. शेवटून दुसऱ्या बाकावर, स्वतःच्या शेजारी. मी चढले की रुमाल उचलून खिशात घालायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा. एक शब्द नाही. मी दांडा धरून उभी. कंडक्टर म्हणे, "बस ना वो पोरी, जागा त हाये!" एक काकू म्हणाल्या, किती गुणाचा पोरगा, पोरींची जागा धरून ठेवते. मी 22 किलोमीटर उभी राहायची, आणि बसमधली मस्तवाल कोण ठरली असेल ते सांगायला नको.

बस गावात येत नसे. फाट्यावर उतरून दीड किलोमीटर पांदणीनं चालायचं. डिसेंबरात सहाला अंधार, दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेली तूर. माझ्या मागे पन्नासेक पावलांवर त्याच्या चपलेचा आवाज. मी थांबले की तो आवाज थांबायचा. मी वळून बघितलं की हा खाली वाकून चपलेतला खडा काढत असायचा. कापसाची गाडी दिसली की हा पळत जाऊन दांडीवर बसणार. "काय काकाजी, काय भाव देला?" काकाजी खूश. एका मिनिटात तो पुन्हा गावचा हसतमुख पोरगा, आणि मी पांदणीत एकटीच भराभरा चाललेली, वेड्यासारखी.

सिनेमावाल्यांना एवढंच सांगते, दाराची करकर आणि व्हायोलिन नका वाजवू. चपलेचा आवाज पुरतो.

महिनाभरानं मी मायला सांगितलं. ती चुलीसमोर होती. तिनं विचारलं, "हात लावला?"

"नाई."

"बोलला काई?"

"नाई."

"मंग?"

या "मंग"चं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काय सांगणार, रुमाल टाकते? खडा काढते? एकेक गोष्ट सुटी करून सांगितली की हसू येईल अशीच होती. पण मायचा चेहरा मला अजून आठवतो. ती हसली नाही. भाकर तव्यावर करपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाबाले सांगू नोको. सांगशीन त उद्यापासून तुयी पासच फाडून टाकतीन."

म्हणजे मायनं मानलं होतं. पूर्ण मानलं होतं, म्हणूनच गप्प बसवलं. इथेच माझी आणि त्या सिनेमाची वाट वेगळी होते. खेड्यात पोरीचं कोणी खरं मानत नाही, असं नसतं. खरं मानलं की पुढे काहीतरी करावं लागतं. त्याच्या बापाकडे जावं लागतं, तो बाप आपल्याच पाण्याच्या पाळीचा भागीदार असतो. पोलीस पाटलाकडे गेलं तर तो त्यांचा साडभाऊ निघतो. त्यापेक्षा पोरगी घरी बसवणं स्वस्त. पोरींना हे हिशेब आठवीपासून पाठ असतात. म्हणून त्या सांगतच नाहीत, आणि पुढे स्वतःच स्वतःला म्हणू लागतात, जाऊ दे, आपल्यालाच तसं वाटत असेल. सिनेमातल्या डॉक्टरची गोळी आम्ही बिनपैशाची घेतो.

तेव्हा पाठलाग नावाचा वेगळा गुन्हाही कायद्यात नव्हता. दिल्लीच्या डिसेंबर 2012 च्या घटनेनंतर वर्मा समिती बसली आणि 2013 मध्ये भारतीय दंड विधानात 354 ड आलं. 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय न्याय संहितेचं कलम 78. बाईनं स्पष्टपणे नको असल्याचं दाखवूनही पुरुष वारंवार मागे लागला, संपर्क साधत राहिला, किंवा नुसती तिच्या मोबाईल-इंटरनेटवर पाळत ठेवली, तरी पहिल्यांदा 3 वर्षांपर्यंत कैद. भाचीला मी हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "स्पष्टपणे म्हंजे कसं? ब्लॉक केलं त दुसऱ्या नंबरवरून येते." मला माझा बसचा दांडा आठवला. 22 किलोमीटर उभं राहणं याहून स्पष्ट मी काय दाखवायला हवं होतं?

आणि पहिला गुन्हा जामीनपात्र आहे. दुसऱ्यांदा सिद्ध झाला तर 5 वर्षांपर्यंत, अजामीनपात्र. म्हणजे पहिल्या तक्रारीनंतर तो संध्याकाळच्या बसला पुन्हा हजर असू शकतो, रुमालासकट. तक्रार द्यायला जायचं तेही त्याच बसनं, सगळ्या गावासमोर. आता ऑनलाइन तक्रार देऊन तीन दिवसांत सही करायची सोय झाली आहे, हद्दीबाहेरच्या ठाण्यातही नोंद करता येते. हे पोरींना माहीत असू द्या. मी भाचीच्या वहीत लिहून दिलं आणि 112 नंबरही. तिनं वही बंद केली आणि विचारलं, "आत्या, पण बाबाले कोन सांगन?" याला कलम नाही.

हिंगणघाट आमच्यापासून लांब नाही. 3 फेब्रुवारी 2020, सकाळची वेळ, नंदोरी चौक. कॉलेजात शिकवायला निघालेल्या मुलीला मागे लागलेल्या माणसानं पेट्रोल टाकून पेटवलं. 10 तारखेला ती गेली. बरोबर दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 2022 ला, कोर्टानं त्याला जन्मठेप दिली. त्या आठवड्यात गावोगाव मेणबत्त्या लागल्या, आमच्याही चौकात लागल्या. आणि आमच्याच गल्लीतल्या एकीचं कॉलेज बंद झालं. तिचा बाप सांगत सुटला, लॉकडाऊनमुळे बंद झालं. लॉकडाऊन लागायला तेव्हा महिनाभराच्या वर अवकाश होता.

माझं कॉलेज कसं वाचलं तेवढं सांगते. आमच्या गावची एक आजी तालुक्याला सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकायला जायची. संध्याकाळी रिकामं टोपलं घेऊन परत. जानेवारीतल्या एका संध्याकाळी ती चढली, मागे गेली आणि सरळ त्या निळ्या रुमालावर बसली. टोपलं त्याच्या मांडीला टेकवलं.

तो म्हणाला, "आजी, जागा धरेल हाये."

"कोनासाठी धरली बाप्पा? नाव सांग, उठतो मी."

बस गच्च भरलेली. चाळीस-पन्नास माणसं. त्यानं नाव घेतलं नाही. खिडकीबाहेर बघू लागला. आजीनं रुमाल खालून ओढून काढला, त्यानं टोपल्याचा चिखल पुसला आणि त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा तिथेच. आठवडाभरानं रुमाल यायचा बंद झाला. पांदणीनंही ती माझ्या मागून चालायची, माझ्याशी न बोलता, सांभाराच्या भावावरून स्वतःशीच कटकट करत.

तो आता दोन लेकरांचा बाप आहे. पोळ्याला गेले की भेटतो. "काय ताई, कवा आली?" आणि मी "काल" म्हणते.

लग्नानंतर एकदा आजीच्या अंगणात बसले होते. विचारलं, आजी, मी तर तुला कधी काही बोलले नव्हते. तुला कसं समजलं?

"मलेच काय, साऱ्या बसले मालूम होतं माय," ती म्हणाली. "ड्रायव्हरले नसन. थो समोर पाहे."

मग सांभाराची एक जुडी माझ्या पिशवीत टाकली. पैसे घेतले.