म्हणे आणीबाणीच्या फोनलाही कोड लावा!

‘छोट्या हॉटेलांनी इंटरनेट फोनच्या नादी लागू नये’ असा एक लांबलचक संदेश सध्या फिरतोय. माझ्या आत्तेभावाचं छोटं लॉज आहे, फोनची यंत्रणा बदलायचं त्याचं जवळपास ठरलं होतं. हे वाचून आता तो म्हणतो, “राहू दे, बिलाचा घोळ होतो.” घोळ त्या संदेशातच आहे.

दावा पहिला: खोल्यांतले जुने फोन भंगारात जातात. नाही जात, ॲडॅप्टरला जोडले की चालतात.

दावा दुसरा: इंटरनेट पुरत नाही. आवाज पाठवायच्या जी.711 या पद्धतीच्या एका कॉलला प्रत्येक दिशेला जेमतेम 90 किलोबिट प्रतिसेकंद लागतात. पाहुणे व्हिडिओ बघायला लागले की आवाज तुटू शकतो, पण त्यासाठी राउटरमध्ये कॉलला अग्रक्रम देता येतो.

वीज गेली की फोन बंद, हे खरं. पण ईपीएबीएक्स, म्हणजे खोल्यांचे फोन जोडणारा जुना एक्स्चेंज, काय हवेवर चालायचा? यूपीएस घ्या.

बिलाच्या दाव्यात मात्र थोडं तथ्य होतं, नाइलाजाने मान्य करतो. समोरच्याने फोन उचलला की नाही, हे अनेक जुन्या यंत्रणांना कळतच नसे. मग ठरावीक सेकंद उलटले की कॉल लागला असं धरून आकारणी व्हायची आणि नुसती रिंग ऐकलेला पाहुणा काउंटरवर भांडायचा. इंटरनेट फोनमध्ये उचलल्याचा संकेत वेगळा येतो. अशी फोन यंत्रणा चालवणाऱ्या ॲस्टेरिस्क या मोफत सॉफ्टवेअरच्या कॉल-नोंदीत ‘ड्युरेशन’ म्हणजे रिंगसकट वेळ आणि ‘बिलसेक’ म्हणजे उचलल्यानंतरचा. बिल ‘बिलसेक’वर करायचं, इतकंच.

पण संताप आला तो पुढच्या सल्ल्याने: बिल चुकू नये म्हणून बाहेरचा प्रत्येक कॉल, ‘आणीबाणीचासुद्धा’, रिसेप्शनच्या कोडशिवाय लागू देऊ नका. लिहिणाऱ्याने क्षणभर तरी विचार केला होता का? डिसेंबर 2013 मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या मार्शल इथे एका मोटेलच्या खोलीत कॅरी हंट यांचा खून झाला. त्यांची 9 वर्षांची मुलगी त्याच खोलीतून पुन्हापुन्हा 911, म्हणजे तिथला आणीबाणीचा नंबर, फिरवत होती. कॉल लागलाच नाही, कारण बाहेरच्या लाइनसाठी आधी 9 दाबावा लागायचा. त्या लेकराला कोण सांगणार होतं? तिथे 2018 मध्ये कॅरी यांच्याच नावाने कायदा झाला. 16 फेब्रुवारी 2020 पासून बसवल्या जाणाऱ्या, हॉटेलांसारख्या अनेक फोनांच्या यंत्रणांत 911 थेट लागलाच पाहिजे. तुमच्याकडे कायदा असो नसो, आणीबाणीचे नंबर डायल प्लॅनमध्ये, म्हणजे कुठला नंबर कसा लागावा हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, कोडशिवाय आणि कोडसकट, दोन्ही प्रकारे टाका आणि दर शून्य ठेवा. सेटिंगच्या चार ओळी आहेत, बिलाला धक्काही लागत नाही.

राहिला हॅकरचा बागुलबुवा. लाइनीत घुसून महागड्या परदेशी नंबरांवर कॉल करतात, हे खोटं नाही. पण एक्सटेन्शन (आतल्या फोनचा नंबर) 101 चा पासवर्डही 101 ठेवणाऱ्यांना ते आधी गाठतात. पासवर्ड लांब ठेवा, नको त्या देशांचे कॉल बंद करा आणि प्रीपेड खात्यात बेताचीच रक्कम भरा.