ऑफ-ग्रिड सोलर: डिसेंबर नव्हे, आषाढ धरा

शेतघरावर ऑफ-ग्रिड, म्हणजे विजेच्या लाइनला न जोडलेलं, सोलर बसवणाऱ्यांना सध्या एक सल्ला हमखास मिळतो: "हिवाळ्यात वीज निम्मीच होते. म्हणून पॅनेल दुप्पट घ्या, जास्त तिरके लावा आणि थंडीसाठी बॅटरी वाढवा."

बर्लिनमध्ये हे शंभर टक्के खरं. २१ डिसेंबरला तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर असतो, दिवस आठ तासांचाही नसतो. पुण्यात त्या दिवशी सूर्य ४८ अंशांवर, दिवस ११ तासांचा आणि आभाळ बहुधा मोकळं. निम्मी वीज होईलच कशी?

थंडीत पॅनेल मंदावतं, हेही उलटंच. सिलिकॉन पॅनेल तापलं की दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के शक्ती घटते. एप्रिलमधल्या ६५ अंश तापलेल्या पॅनेलपेक्षा ४५ अंशांचं पॅनेल तेवढ्याच उन्हात सात टक्के जास्त देतं. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, पण ती काळजी लेह-लडाखची. मुळशी-भोरला नाही.

आपला खरा कसोटीचा काळ जुलै-ऑगस्ट. समजा रोज दोन युनिट लागतात: छोटा फ्रिज, दिवे, पंखा, राउटर. (इन्व्हर्टर स्वतःही खातो. २० वॉटचा असला तरी दिवसाला अर्धा युनिट, तो यात धरा.) डिसेंबरात रोज पाच तासांच्या भर उन्हाइतकी ऊर्जा आणि वाटेत वाया जाणारी ३० टक्के घट धरली, तर ६०० वॉटची पॅनेल पुरतात. घाटमाथ्यावर झड लागली आणि दोनच तासांइतकं ऊन मिळालं, तर १४०० वॉटही कमी पडतात. दुप्पट घेणाऱ्याचं जवळपास भागेल, पण योगायोगाने.

तिरकेपणा मात्र नडेल. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि ढगाळ उजेड सगळ्या आभाळातून येतो. दक्षिणेकडे ३५ अंश उभं केलेलं पॅनेल नेमकं तेव्हाच कमी आभाळ बघतं. १५ ते २० अंश ठीक.

तीन दिवसांची झड फक्त बॅटरीवर काढायची म्हटली तर सहा युनिट हवेत. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या ट्युब्युलर (लेड-अ‍ॅसिड प्रकारच्या) बॅटरीतून निम्मंच, सुमारे ०.९ युनिट वापरायचं, म्हणजे सातेक बॅटऱ्या! त्यापेक्षा एखाद-दोन पॅनेल वाढवा आणि झडीत फ्रिज बंद ठेवा.

हिवाळ्यासाठी तपासायची ती सावली. सूर्य खाली असल्याने दक्षिणेच्या आंब्याची किंवा पाण्याच्या टाकीची सावली डिसेंबरात पॅनेलवर येते, मेमध्ये पाहणी केली तर ती दिसतच नाही.