शाळेला दहापैकी आठ, पण कशाचे?

ओळखीत कुणाचं मूल शाळेच्या वयाचं झालं की मला ठरलेला मेसेज येतो. "तू दिवसभर आकड्यांतच असतेस ना, जरा बघून सांग, यातली कुठली घेऊ?" सोबत स्क्रीनशॉट. शाळा शोधायच्या कुठल्यातरी अ‍ॅपवर दोन शाळा शेजारीशेजारी लावलेल्या, एकीला दहापैकी आठ, दुसरीला सहा. विचारणाऱ्याचं मन बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं, माझा फक्त शिक्का हवा असतो.

शिक्का मी देत नाही. का देत नाही ते एकदाच नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी ही पोस्टच पाठवता येईल.

मी या साधनांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. शेजारच्या काकू काय म्हणतात आणि शाळेची इमारत किती चकचकीत आहे, एवढ्यावर निर्णय घ्यायचे दिवस काही फार सोन्याचे नव्हते. माझं भांडण आहे ते त्या एका आकड्याशी. तो शाळेबद्दल बोलतोय असं वाटतं, आणि प्रत्यक्षात बरंचसं बोलतो ते तिथे येणाऱ्या मुलांच्या घरांबद्दल.

हा काही माझा शोध नाही. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९६६ साली सरकारसाठी एक प्रचंड अहवाल तयार केला. ६ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती त्यात होती. अपेक्षा अशी, की इमारत, ग्रंथालय, खर्च यांतल्या फरकावरून मुलांच्या गुणांतला फरक कळेल. निघालं असं, की त्यापेक्षा घरची परिस्थिती कितीतरी जास्त सांगून जाते. त्या अहवालावर आजवर भरपूर वाद झाले, पण हा मुद्दा काही कुणाला पुसता आला नाही.

आता दोन शाळा डोळ्यांपुढे आणा. पहिल्या शाळेत येणारी मुलं घरून वाचायला शिकूनच येतात, गणित अडलं तर घरी शिकवणारं कुणीतरी असतं. दुसऱ्या शाळेत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरात पुस्तक पहिल्यांदा येतं ते शाळेचंच. सहा वर्षांनी पहिल्या शाळेची सरासरी ८०, दुसऱ्या शाळेची ६५. अ‍ॅप पहिल्या शाळेला वर चढवणार. पण ८०वाली मुलं आली तेव्हाच पुढे होती आणि तेवढीच पुढे राहिली, ६५वाली मात्र पार तळापासून वर आली, तर शिकवलं कुणी जास्त? तुमचं मूल ज्या वर्गात जाऊन बसणार, तिथे काय घडतं हे तुम्हाला हवंय. आकडा सांगतोय ते शाळेच्या दारातून आत कोण येतं ते.

ही गोम साधनं बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे आणि काहींनी त्यावर प्रामाणिकपणे काम केलंय. इंग्लंडमध्ये १९९२पासून माध्यमिक शाळांच्या निकालांचे तक्ते प्रसिद्ध होऊ लागले. सुरुवातीला नुसते निकाल. मग हळूहळू 'मूल आलं तेव्हा कुठे होतं' हे त्यात आणण्याची खटपट झाली आणि २०१६ साली 'प्रोग्रेस ८' नावाचं माप आलं. प्राथमिक शाळा संपताना ज्यांचे गुण सारखे होते अशा देशभरातल्या मुलांशी तुलना करून, १६व्या वर्षापर्यंत या शाळेतली मुलं किती पुढे किंवा मागे गेली, ते हे माप पाहतं. ऑस्ट्रेलियाच्या 'माय स्कूल' साइटवर, जी २०१० साली सुरू झाली, प्रत्येक शाळेला मुलांच्या सामाजिक-शैक्षणिक पार्श्वभूमीचा निर्देशांक दिलेला असतो, १००० म्हणजे सरासरी. त्यामुळे निकाल बघताना तशाच पार्श्वभूमीच्या मुलांशी तुलना करता येते. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेल्या 'ग्रेटस्कूल्स'चं एक ते दहाचं रेटिंग घरं विकणाऱ्या साइटवर घराच्या फोटोखाली दिसतं. नुसत्या परीक्षेच्या गुणांवर भर दिल्याबद्दल त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. २०१७ साली त्यांनी पद्धत बदलली आणि मुलांच्या प्रगतीला व समानतेला एकूण रेटिंगमध्ये जागा दिली.

म्हणजे आकड्याच्या आत शिरायची सोय बऱ्याच ठिकाणी आहे. फक्त एक क्लिक खाली आहे. आणि आपण तो क्लिक करत नाही, कारण वरचा मोठा गोल रंगीत आकडा पाहून समाधान झालेलं असतं.

इथे पालकांची बाजूही सांगायला हवी. न्यूयॉर्कमधल्या पालकांनी शाळांचे जे पसंतीक्रम भरले होते, त्यांवर अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने अभ्यास केला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं असं, की पालक ओढले जातात ते हुशार मुलं जमलेल्या शाळेकडे. ती बाब बाजूला काढली, तर शाळा प्रत्यक्षात किती चांगलं शिकवते याचा पसंतीवर वेगळा असा परिणाम उरत नाही. हे वाचून 'पालकांना कळत नाही' असं म्हणणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. मुलाभोवती कोण असणार हे बघणं अगदी रास्त आहे. फक्त मग 'शिक्षणाचा दर्जा' हे नाव त्याला देऊ नये. मुलाची सोबत बघतोय म्हणावं, संपलं.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही, ती म्हणजे लहान शाळा. समजा परीक्षेला बसलेली मुलं २०. त्यात प्रत्येक मूल ५ टक्क्यांचं. एकाला परीक्षेच्या दिवशी ताप भरला, दुसरं महिनाभरापूर्वीच दुसऱ्या गावाहून आलंय, की उत्तीर्णांचं प्रमाण ९५वरून ८५वर. पुढच्या वर्षी दोन चुणचुणीत मुलं आली की परत वर. शिकवणारे तेच, फळा तोच. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात टॉमस केन आणि डग्लस स्टायगर यांनी २००२ साली हेच दाखवलं होतं: क्रमवारीच्या अगदी वरच्या टोकाला लहान शाळा त्यांच्या संख्येच्या मानाने फार जास्त दिसतात, कारण त्यांचे आकडे जास्त हेलकावतात. आणि हेलकावे खालीही नेतातच. तेव्हा 'या वर्षी शाळा थेट वीस नंबरांनी वर गेली' असं दिसलं की आधी पट किती आहे ते बघा. मागच्या तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी ठेवा. एकाच वर्षाच्या आकड्यावर तर मी पैजही लावणार नाही.

मग तपासणी अहवाल बघावेत का? बघावेत, पण पूर्ण. इंग्लंडमध्ये शाळांची तपासणी करणाऱ्या 'ऑफस्टेड' या सरकारी संस्थेची गोष्ट यासाठी फार बोलकी आहे. शाळा चार शब्दांपैकी एका शब्दात मोजली जायची, सर्वांत वरचा शब्द 'आउटस्टँडिंग'. २०१२ ते २०२० या काळात हा शिक्का मिळालेल्या शाळांना नेहमीच्या तपासणीतून सूट होती. पालक त्या शब्दावर विसंबून घरं बदलत होते आणि शब्द कधीकधी दहा-दहा वर्षं जुना. मुख्याध्यापक बदलले, शिक्षक बदलले, फाटकावरचा फलक तोच! सूट उठल्यावर पहिल्या पूर्ण वर्षात ज्या जुन्या 'आउटस्टँडिंग' शाळा पुन्हा तपासल्या, त्यांतल्या पाचांपैकी चार शाळांचा तो शिक्का गेला. तपासणीसाठी आधी शंकेच्याच शाळा निवडल्या होत्या हे खरं, तरीही. दुसऱ्या बाजूला, त्या एका शब्दाचं ओझं माणसांवर किती पडत होतं हे तपासणीत शाळेचा शेरा खाली आल्यावर रूथ पेरी या मुख्याध्यापिकेने २०२३मध्ये आत्महत्या केली, तेव्हा सगळ्यांसमोर आलं. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याला तपासणीचाही हातभार लागला असं नोंदवलं. सप्टेंबर २०२४मध्ये सरकारी शाळांसाठी एका शब्दाचा एकूण शेरा बंद झाला.

म्हणून अहवाल हातात आला की मी आधी तारीख बघते, मग आजचे मुख्याध्यापक तेव्हाचेच आहेत का ते. नंतर मधले परिच्छेद. 'मागे पडलेल्या विद्यार्थ्यांना वेळेवर मदत मिळत नाही' असं एखादं वाक्य तिथे कोपऱ्यात पडलेलं असतं, आणि वर मात्र 'उत्तम'.

भारतात शाळेची सरकारी माहिती 'यूडायस' या देशभरातल्या शाळांच्या सरकारी नोंदणीत असते. शाळेच्या ११ अंकी क्रमांकावरून पट, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं असं बरंच काही कळतं. मुलं शिकतात किती, ते त्यातून कळत नाही. पण मला हा कोरडा तक्ता रंगीत रेटिंगपेक्षा बरा वाटतो, कारण तो कुठला निकाल दिल्याचा आव आणत नाही. पट भागिले शिक्षक, एवढा भागाकार कुणालाही येतो.

आता पालकांचे अभिप्राय. तारखेनुसार लावून बघा. प्रवेशाच्या हंगामात एकाच आठवड्यात पाच तारे देणाऱ्या दहा जणांची रांग लागलेली असेल आणि दहाही जण 'सर्वांगीण विकास' म्हणत असतील, तर पुढे चला. मी तीन तारेवाले वाचते. रागावलेला माणूस एक तारा देतो, सांगून लिहायला लावलेला पाच देतो. तीन देणाऱ्याला मात्र खरोखर काहीतरी सांगायचं असतं: "वर्गशिक्षिका छान, पण वर्षात तीनदा बदलल्या." या एका ओळीसाठी मी अख्खं पान खाली सरकवायला तयार आहे.

आणि साइट फुकट असेल तर पैसे कोण देतंय, हे बघाच. काही साइट यादीत वर दिसण्यासाठी शाळांकडून पैसे घेतात, काही तुमचा फोन नंबर शाळांना विकतात. 'तुमच्यासाठी योग्य शाळा' बघायला नंबर मागितला की समजायचं, इथे गिऱ्हाईक शाळा आहे आणि माल आपण.

एवढं सगळं वाचून 'मग माहितीचा उपयोगच काय' असं कुणी म्हणेल, तर पाकिस्तानातल्या पंजाबचं उदाहरण देते. ताहिर अंद्राबी, जिष्णू दास आणि आसिम ख्वाजा यांनी ११२ गावं घेतली. निम्म्या गावांत पालकांच्या हातात एक साधं प्रगतिपत्रक दिलं: आपल्या मुलाचे गुण, त्याच्या शाळेची सरासरी, आणि गावातल्या बाकीच्या सगळ्या शाळांचीही. वर्षभरात त्या गावांत मुलांचे गुण वाढले, खासगी शाळांची फी सुमारे १७ टक्क्यांनी उतरली, पटही वाढला. कमी गुणांच्या खासगी शाळा सुधारल्या, चांगल्या शाळांना फी कमी करावी लागली. नुसत्या कागदाने! माझ्या मते हे जमलं कारण तुलना एकाच गावातल्या शाळांची होती आणि कागद गावात प्रत्येकाच्या हातात होता, शाळाचालकांच्यासुद्धा. पालकांनी शाळा बदलल्या म्हणून फरक पडला असं फारसं नाही. सगळ्यांना सगळं दिसतंय म्हटल्यावर शाळाच हलल्या.

माझ्या ताईने तिच्या धाकट्यासाठी स्वतःची एक्सेल शीट केली होती. अंतर, फी, मैदान, शिक्षक-विद्यार्थी प्रमाण, निकाल, प्रत्येकाला वजन दिलेलं. सगळं भरून बेरीज केली आणि जी शाळा पहिली आली तिच्याकडे बघून म्हणाली, "छे, ही नको." मग बसून वजनं बदलायला लागली. मैदान वाढवलं, निकाल कमी केला, तरी तीच वर. भावोजी हसत होते. पण मला विचाराल तर त्या शीटचं काम तिथेच झालं होतं. 'ही नको' का, हे तिला त्या क्षणापर्यंत शब्दांत सांगता येत नव्हतं. खोदून विचारल्यावर निघालं, की त्या शाळेतून परतताना तिला एकही मूल मोठ्याने बोलताना ऐकू आलं नव्हतं.

हे कुठल्याच अ‍ॅपमध्ये नसतं, तेव्हा शाळेत जायलाच हवं. पण समारंभाच्या दिवशी नको, साध्या दिवशी. वर्गाच्या भिंतीवरचे तक्ते बघू नका, ते पाहुण्यांसाठी असतात. शक्य झालं तर एखाद्या ओळखीच्या मुलाची वही मागा. नुसत्या बरोबरच्या खुणा आहेत, की चुकलेल्या गणितापाशी शिक्षकाने थांबून काही लिहिलंय? आणि त्याखाली मुलाने ते गणित परत केलंय? मुख्याध्यापकांना विचारायला एकच प्रश्न ठेवा: "एखाद्याला वर्गात समजलं नाही, तर दुसऱ्या दिवशी नेमकं काय होतं?" ज्यांच्याकडे काही पद्धत असते ते लगेच वार आणि तास सांगतात. नसते ते 'आम्ही प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष देतो' म्हणतात. शिक्षक किती वर्षं टिकतात हेही विचारा. उत्तर टाळलं तर ते उत्तरच समजा.

एक राहिलं. काही शहरांत प्रवेश पसंतीक्रमावर होतात, आणि पालक तिथे डोकं लढवतात: "हवी ती शाळा मिळायची नाही, मग पहिल्या नंबरला सोपी टाकू." बॉस्टनमध्ये जुन्या पद्धतीत हे खरोखर करावं लागायचं, कारण आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंतीच्या जागा भरायच्या, पहिली हुकली की दुसरीही तोवर भरलेली. २००५ साली त्यांनी डेव्हिड गेल आणि लॉइड शेप्ली यांच्या १९६२मधल्या पद्धतीवर बेतलेली व्यवस्था घेतली. न्यूयॉर्कने माध्यमिक शाळांसाठी तशीच व्यवस्था त्याआधी, २००३ साली आणली होती. तिथे मोठं काम केलेल्या अ‍ॅल्विन रॉथ यांना शेप्ली यांच्यासोबत २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या पद्धतीत शाळेची जागा शेवटपर्यंत कच्चीच असते, त्यामुळे वरची शाळा आधी मागितली म्हणून खालच्या शाळेतला तुमचा हक्क जात नाही. तिथे यादीत हव्या तेवढ्या शाळा घालता येत असतील, तर मनातला खरा क्रम बिनधास्त लिहावा. जागा वाटायची पद्धत यांपैकी कुठली आहे, हे प्रवेशाच्या नियमांत असतं. फॉर्म भरण्याआधी तेवढं पान वाचा.