बी विंगमधला बीप

रविवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला : 'बी विंगमध्ये कुणाचा तरी इन्व्हर्टर मघापासून बीप देत आहे. ज्यांचा असेल त्यांनी त्वरित बघावे. ज्येष्ठ नागरिकांना त्रास होतो.' मी त्यावर अंगठा ठेवला. आमच्याकडे इन्व्हर्टरच नाही, तेव्हा पाठिंबा द्यायला माझं काय जात होतं? मग गिटार पुन्हा मांडीवर घेतली.

वाजवत होतो ती एक जुनी स्पॅनिश धून. रचणारा अनामिक. गिटार शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी तिच्या वाटेला जातो, कारण सुरुवात इतकी सोपी की आपल्याला गिटार येते असं वाटायला लागतं. नवव्या बारपाशी, म्हणजे तालाच्या नवव्या आवर्तनाशी, ती खरे रंग दाखवते. तर्जनी सातव्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या सातव्या पट्टीवर, आडवी दाबून धरायची आणि पहिल्या तारेवर सूर काढायचे सात-आठ-सात. पुढच्याच बारमध्ये, तर्जनी तसूभरही न हलवता, करंगळीनं अकरावा फ्रेट गाठायचा : अकरा-आठ-सात. साडेसहाशे मिलिमीटर लांब तारांच्या गिटारवर हे अंतर साधारण नऊ सेंटिमीटर भरतं. रचणाऱ्यानं नाव का लपवलं असेल, ते माझ्या करंगळीला विचारा.

असल्या जागांवर टॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये इलाज असतो. टॅब म्हणजे सहा रेघा, सहा तारा. रेघेवर आकडा पाच असेल तर बोट पाचव्या फ्रेटवर. नोटेशन न येणाऱ्यांची सोय. सोय जुनीच आहे, ल्यूट या जुन्या तंतुवाद्याच्या टॅबचं पुस्तक व्हेनिसमध्ये १५०७ सालीच छापून निघालं होतं. तेव्हाच्या इटालियन टॅबमध्ये जाड तार सगळ्यात वरच्या रेघेवर असे, आता ती तळाला गेली, एवढाच फरक. पण त्या लोकांना लूपचं बटण नव्हतं. मला आहे. हवे ते दोन बार निवडायचे, वेग पन्नास टक्क्यांवर आणायचा आणि दर फेरीला पाच टक्के चढवायला सांगायचं. कॉम्प्युटर न चिडता तेच ते वाजवत राहतो. आपण चहा टाकायला उठलो तरी वाजवत राहतो.

बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे, कमिटीतले काका. त्यांच्यामागे टेस्टर घेऊन इलेक्ट्रिशियन.

"इथूनच येतोय," काका म्हणाले. माझ्याशी नव्हे, त्याच्याशी.

"काका, आमच्याकडे इन्व्हर्टर नाही."

"सगळे असंच म्हणतात."

इलेक्ट्रिशियननं चपला काढल्या, एवढाच काय तो शिष्टाचार. सरळ आत येऊन त्यानं डीबीचं, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या पेटीचं, झाकण उघडलं आणि एकेक एमसीबी स्विच पाडायला लागला. पंखा थांबला. फ्रिज थांबला. वाय-फाय गेलं. लॅपटॉप बॅटरीवर होता, त्यामुळे बेडरूममधून सात-आठ-सात, अकरा-आठ-सात जोरात चालू.

"बॅकअप आहे," त्यानं काकांना रिपोर्ट दिला. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वीजचोरीत मी रंगेहाथ सापडलो होतो.

मग मी दोघांना आत नेलं. इलेक्ट्रिशियन स्क्रीनवर वाकला. "सहा लायनी आहेत साहेब. डबल थ्री फेज?"

"तारा आहेत त्या. गिटारच्या."

"आणि हे आकडे अ‍ॅम्पिअर?"

मी काही न बोलता गिटार घेतली आणि लूपबरोबर वाजवून दाखवलं. काका डोळे मिटून उभे. दोन बार संपले, पुन्हा सुरू झाले, पुन्हा संपले. काकांनी डोळे उघडले.

"पुढे?"

"पुढे नाही. एवढंच."

"एवढंच गाणं असतं होय?"

"हा अवघड तुकडा आहे, काका. तो बसेपर्यंत पुढे जायचं नाही."

"मग पुढचा सोपा वाजवा की! अवघड ऑफिसात जाऊन करा. अहो, मी सकाळी दाढीला बसतो. ते तुमचं वर चढतं, आता काहीतरी होणार म्हणून मी वस्तरा धरून थांबतो, तर तुम्ही परत खाली. दर वेळी! त्यात ते वेग घेतं. बीप असा भराभर व्हायला लागला की आम्हाला वाटलं बॅटरी फुटणार. हिनं सिलिंडर बंद केला."

यावर काय बोलणार? मी म्हटलं, "रियाज असाच असतो."

"रियाज?" काकांनी भिंतीकडे बघत तो शब्द चावून पाहिला. "गडकरी रंगायतनला कार्यक्रम लावलाय का तुमचा?"

इलेक्ट्रिशियन इतका वेळ गप्प होता. आता त्यानं टेस्टर खिशाला लावला. "साहेब, यात दोन आवाज आहेत. एक मशीनचा, तो ओके आहे. दुसरा तुमचा. त्याला अकरा नंबरवर लूज कॉन्टॅक्ट आहे."

माझी आतापर्यंतची सगळ्यात नेमकी समीक्षा या माणसानं केली. आडवं बोट पक्कं बसलं नाही की तार फरफरते, आणि करंगळी ताणली की नेमकं तेच बोट सैल पडतं. क्लासमध्ये फी घेऊनही मला हे असं कुणी सांगितलं नव्हतं.

पण राग जात नाही तो नाहीच. ए विंगमधल्या एक काकू पहाटे पेटी काढून पलटे घेतात. सारेग, रेगम, गमप, वर जाऊन परत खाली. तो लूप नाही? त्यांच्याकडे कुणी इलेक्ट्रिशियन पाठवला नाही. उलट कोजागिरीला शाल-श्रीफळ दिलं. आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये टाइल्स फोडायचं काम पावसाळाभर चाललं, तेव्हा ग्रुपवर 'नवीन घरासाठी शुभेच्छा'. घोडबंदर रोडवर मेट्रो चारनं वर्षानुवर्षं जमीन ठोकली. दहीहंडीला ठाण्यात डीजेच्या भिंती उभ्या राहतात, खिडकीच्या काचा थरथरतात. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सहा ४५, हा नियम २००० सालापासून आहे. तो कुणाला आठवतो? नायलॉनच्या तारांच्या गिटारला आठवतो, तीही दार लावून वाजवलेल्या! मोठ्या आवाजाचं कुणालाच काही नाही. एखादा माणूस काही शिकतोय, अजून जमत नाहीये, हे ऐकू आलं की मात्र लोकांच्या पोटात दुखतं.

आणि ऐकतात तर सगळेच. परवा लिफ्टमध्ये काका सात-आठ-सात गुणगुणत होते. अकरावरही विनासायास गेले. वॉचमन तर तीच ओळ पूर्ण वेगात शिट्टीवर काढतो, जिथे मी पासष्ट टक्क्यांना गळपटतो.

या महिन्याच्या मेंटेनन्स बिलात एक नवी ओळ आली आहे : 'किरकोळ दुरुस्ती, इलेक्ट्रिशियन व्हिजिट, ३५० रुपये.' फक्त माझ्या बिलात. मी सेक्रेटरींना लेखी विचारलं, दुरुस्ती नेमकी कशाची झाली? उत्तर लगेच आलं : 'दुरुस्ती झाली नसल्यास कळवावे. माणूस परत पाठवतो.'